भिंत चाटणारा भाडेकरू

आमच्याकडे तीन वर्षं एक भाडेकरू होता. तो भिंती चाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको.

वेडा नव्हता. त्याचा धंदाच तो होता. बंगल्यांतली, इमारतींतली गळती शोधून द्यायची. त्याच्याकडे एक कॅमेरा होता, पण आपल्या फोनसारखा नव्हे. त्यात माणसाचं तोंड दिसत नसे. गरम काय आणि गार काय, तेवढंच दिसे. गरम ते पिवळं-तांबडं, गार ते निळं. भिंतीत पाणी मुरत असलं की तेवढा भाग गार पडतो, म्हणून तो निळा दिसतो. मग घरभर फोडत बसायला नको. जिथे निळं तिथून पाण्याचा माग काढत जायचं. हे त्यानेच मला समजावलं. मी चौथी शिकलेली. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

पण त्याचा स्वतःचा कॅमेऱ्यावर निम्माच विश्वास. निळा डाग दिसला की तो गुडघ्यावर बसे, खिशातला रुमाल काढून भिंतीचा तेवढा तुकडा पुसे आणि जीभ लावी. मग डोळे मिटून राही. घरवाले एकमेकांकडे बघत. "कॅमेरा सांगतो गार कुठं आहे," तो म्हणे. "पाणी कुणाचं आहे, ते जीभ सांगते." न्हाणीचं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं, विहिरीचं लोखंडासारखं, पावसाचं कशासारखंच लागत नाही. मी एकदा करून बघायचं म्हटलं होतं. मग म्हटलं, आपल्याला काय गरज.

तो सोलापूरकडचा. वय पंचेचाळीसच्या पुढे, बारीक, डोक्याला कायम कानटोपी. पावसाळा संपला की मांडव्याच्या धक्क्यावर उतरायचा आणि पुढचा पावसाळा लागला की परत जायचा. कॅमेरा तान्ह्या मुलाच्या दुपट्यात गुंडाळून आणी. लाँचमध्ये इंजिनाकडे बसत नसे. कॅमेऱ्याला उष्णता बाधते म्हणे. पहिल्या वर्षी आला तेव्हा बरोबरच्या बायका सरकून त्याला जागा देत होत्या. मांडवा येईपर्यंत कोणाला कळलं नाही की दुपट्यात बाळ नाही.

नागावात माझ्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. शेवटची पंपाशेजारी आहे. पंपाच्या आवाजाने मुंबईचे पाहुणे कुरकुरतात, म्हणून ती मी त्याला दिली. तो खूश. पंप कसा चाललाय ते त्याला पडल्यापडल्या कळायचं.

पाणी वाया गेलेलं त्याला खपत नसे. लहानपणी टँकरमागे घागर घेऊन पळायचा, वाटेत पाणी सांडलं तर आजी पाठीत घालायची. आला त्या महिन्यात त्याने मला न विचारता माझ्या घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो मांडवातून उठला, कारण मागे पाण्याच्या पिंपाचा नळ ठिबकत होता. आचाऱ्याने त्याला चोर समजून धरून ठेवलं. सोडवायला मीच गेले. तरी म्हणतो, "मावशी, आधी नळ बंद करू द्या, मग चौकशी करा म्हणावं."

बोलण्याची पद्धतही उलटी. माणसांशी कामापुरतं आणि भिंतींची मात्र विचारपूस. "जरा सरका, उजेड येऊ द्या," हे माणसाला आणि "काय त्रास होतोय तुम्हाला?" हे भिंतीला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मलाच विचारतोय. मी गुडघ्यांचं सांगायला सुरुवात केली होती.

गावात बोलवा झाली की ह्याच्या यंत्रातून कपड्यांच्या आतलं दिसतं. बायका तो दिसला की पदर घट्ट घेत. काही जणी घेत नसत, पण ते जाऊ दे. मी सरळ विचारलं, "काय रे, बाईमाणसाचं आतलं दिसतं काय ह्यात?" तो रागावला नाही. कॅमेरा माझ्यावर धरला आणि चित्र मला दाखवलं. माझ्या जागी एक तांबडा भोपळा होता आणि मधोमध निळी सुपारी.

"हे निळं काय?"

"तुमचं नाक. नाक गारच असतं माणसाचं."

मी ते चित्र चार जणींना दाखवलं. तेव्हापासून पदरांचा प्रश्न मिटला.

मग दुसरंच सुरू झालं. माझी एक कोंबडी चार दिवस सापडत नव्हती. मुंगूस लागलं म्हणून मी नाद सोडला होता. हा अंगणात कॅमेरा पुसत होता. सहज नारळाच्या सोडणांच्या ढिगावर धरला, तर आत पिवळा ठिपका. कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसलेली. ही गोष्ट पसरली आणि लोक हरवलेल्या वस्तू घेऊन यायला लागले. म्हणजे वस्तू नसायचीच, नुसतेच लोक यायचे. एकाची अंगठी विहिरीत पडलेली, एकीला सासूने पुरलेलं डबोलं शोधायचं होतं. तो सगळ्यांना एकच सांगे. हे भिंतीच्या आतलं बघत नाही, पाण्याच्या आतलं बघत नाही, जमिनीच्या पोटातलं तर नाहीच. वरची कातडी किती गार आणि किती गरम, एवढंच. बाकी अक्कल आपली आपण वापरायची. सासूच्या डबोल्यावाली म्हणाली, मग एवढं महाग यंत्र घेतलंस कशाला?

त्याच्या जिभेमुळे मला फार त्रास झाला. कामाच्या दिवशी तो आळणी खायचा. मीठ नाही, मिरची नाही, कोकम नाही. जीभ कोरी राहिली पाहिजे म्हणे. नागावात राहून आळणी मांदेली खाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझ्या हातच्या कालवणासाठी लोक मुंबईहून येतात आणि हा त्याच माशांना उकडलेल्या बटाट्यासारखं करून मागायचा. मी सुरुवातीला भांडले, मग वेगळं पातेलं ठेवलं. एक मात्र होतं, ताटात कधी काही टाकलं नाही. कसंही असो, पुसून खायचा.

चौलच्या बाजूला मुंबईच्या एका श्रीमंताचा बंगला आहे. तिथे मी नारळ पोचवते, म्हणून त्या दिवशी मी स्वतः हजर होते. खालच्या खोलीच्या भिंतीला ओल होती. मालकाने वरची न्हाणी तीनदा फोडून बघितली होती. ह्याने कॅमेरा लावला, भिंतीची विचारपूस केली आणि जीभ लावली. मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. हा डोळे मिटून म्हणाला, "पोहायच्या तलावाचं पाणी आहे. औषध लागतंय जिभेला."

मालक म्हणाले, तलाव बंगल्याच्या पार त्या टोकाला आहे, मध्ये सगळी बाग आहे.

"असू दे. पाणी खोटं बोलत नाही, पण पत्ता चुकीचा देतं."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. दुसऱ्या दिवशी बाग खणली तर तलावाचा पाइप चिरलेला, आणि पाणी उताराने पायाखालून थेट त्या भिंतीत. मालक खूश झाले. मालकीणबाईंनी मात्र गड्याला सांगून भिंतीचा तो तुकडा फिनेलने धुऊन घेतला. पाण्याचा डाग राहिला तरी चालेल, जिभेचा नको.

आणि एकदा निघालेला शब्द तो बदलत नसे. अलिबागच्या एका बिल्डरने त्याला सांगितलं, गळती वरच्या मजल्यावाल्याची आहे असं लिहून दे. गच्चीच बिल्डरने नीट केली नव्हती. ह्याने लिहिलं नाही. बिल्डरने दिलेली गाडी काढून घेतली आणि हा कॅमेरा कुशीत घेऊन चालत नागावला आला. मी म्हटलं, लिहायचं होतंस, आपलं काय जातं. तो म्हणाला, "मावशी, वरच्या मजल्यावाल्याचं घर जातं." मी तेव्हा हसले होते.

आता माझं सांगते.

आमचं घर चिऱ्याचं. दोघा भावांनी मधोमध वाटून घेतलेलं. अलीकडे मी, पलीकडे धाकटे दीर आणि जाऊ. मधली भिंत सामाईक. बारा वर्षांपूर्वी दिरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जावेने त्यांच्या खाटेजवळ, त्या मधल्या भिंतीला लागूनच न्हाणी-संडास बांधला. वॉकर धरून आठ पावलं. तेवढी ते स्वतः चालत, कोणाचा हात न धरता. दिवसभरात तो माणूस स्वतःच्या जिवावर काही करत असेल तर तेवढंच.

त्याच पावसाळ्यात माझ्या बाजूने भिंतीला ओल आली. मी पाहुण्यांसाठी नुकतंच घर नीट करून घेतलेलं, नवा गिलावा, नवा रंग. त्यामुळे मला राग जास्त. पलीकडे न्हाणी आणि अलीकडे ओल. आंधळ्यालाही कळेल. मी जावेला सांगितलं. ती म्हणाली, पाणी आमचं नाही. मी म्हटलं, मग काय माझ्या भिंतीला घाम फुटला? तेव्हापासून बोलणं बंद. बारा वर्षं. एका विहिरीवर पाणी भरलं, एका देवळात ओट्या भरल्या, पण शब्द नाही. दिरांनाही मी त्या बारा वर्षांत बघितलं नाही. मध्ये एक भिंत, पण बघितलं नाही.

शेवटी मी गावच्या तंटामुक्ती समितीकडे गेले. पाच बाप्ये आले, भिंतीला हात लावला, हात ओला झाला. निकाल दिला, न्हाणी पाडायची आणि अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात बांधायची. म्हणजे आठ पावलांच्या जागी अंगण ओलांडायचं, तेही पावसात. म्हणजे दिरांना उचलूनच न्यावं लागणार. हे मला कळत होतं. मी काही मूर्ख नाही. पण ओल माझ्या भिंतीला होती.

तेव्हा जाऊ अध्यक्षांना म्हणाली, पाडायच्या आधी त्या गळतीवाल्याला बघू द्या. तो जे सांगेल ते मान्य. समितीने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. माझा भाडेकरू, माझ्या घरी जेवणारा. जावेची अक्कल कुठे गेली, असं मला वाटलं.

खरं तर तीन वर्षांत मी त्याला ती भिंत कधी दाखवलीच नव्हती. त्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे पाणी कुठून येतं. त्यावर तो म्हणाला, मालकाला आधीच ठाऊक असलं की मी कॅमेरा काढत नाही. शिवाय सामाईक भिंत असेल तर दोन्ही घरांनी हो म्हणायला पाहिजे, असा त्याचा नियम. आता दोन्ही घरांनी म्हटलं होतं.

आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "नीट बघ हो उद्या."

"नीटच बघणार, मावशी."

"नीट म्हणजे माझ्या बाजूने."

"तुमच्या बाजूनंच बघणार. कॅमेरा तुमच्याच खोलीत लावतोय."

हा येडा की बेरकी, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला कॅमेऱ्याची भीती नव्हती. ओल आहे म्हणजे निळं दिसणार, निळं म्हणजे पाणी, संपलं. भीती होती जिभेची. ती चौलला दिसली होती. भिंत चाटली की तो काय बोलेल याचा भरवसा नाही. म्हणून सकाळी मी त्याच्या आळणी घावनांच्या पिठात हिरव्या मिरच्या वाटून घातल्या. थोड्या नव्हे. त्याने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायला आणि दुसरा घास घेतला. डोळ्यांतून धार लागली तरी चारही घावनं पुसून खाल्ली. मग उठून कामाला लागला.

त्याने जावेला बंब पेटवायला सांगितला. कढत पाणी न्हाणीत सोडायचं, मोरीला बोळा घालून घोट्याइतकं साठवायचं. पाणी भिंतीतून येत असेल तर गरम पाणीही त्याच वाटेने येणार, आणि माझ्या बाजूला निळ्यामध्ये पिवळी रेघ दिसणार. समितीलाही हे पटलं. पाच बाप्ये, मी आणि तो, माझ्या मधल्या खोलीत. पंखा बंद, खिडक्या बंद. अध्यक्ष भिंतीला टेकले, तर त्यांना उठवलं. कॅमेऱ्यात त्यांच्या पाठीचा तांबडा ठसा भिंतीवर दिसत होता. तो निवेपर्यंत सगळे थांबलो. सगळे घामाने निथळले. तेवढ्यात हा भिंतीला म्हणतो, "घाई नाही. सावकाश सांगा." समितीतल्या एकाने मला हळूच विचारलं, ह्याला बरं हाय ना? मी म्हटलं, गिऱ्हाइकापुढे असंच करतो.

दोन तास झाले. पलीकडचं पाणी निवलं, जावेने दोनदा नवं ओतलं. माझ्या भिंतीवर पिवळी रेघ आली नाही. कमरेपर्यंत निळं होतं, तसंच निळं राहिलं.

"निळं दिसतंय की," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे पाणीच हाय."

"निळं म्हणजे गार. न्हाणीचंच पाणी असेल असं नाही." त्याने सगळ्यांना चित्र दाखवलं. "वरची कड बघा. सरळ आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, न्हाणी जिथं संपते त्याच्याही पुढं. पाणी असं दोरी लावून चढत नाही. दोरी गवंडी लावतो."

"मंग ओल कशाची?"

तो गुडघ्यावर बसला. रुमाल काढला, भिंत पुसली, जीभ लावली. डोळे मिटले. मग उठला.

"माझी जीभ आज कामाची नाही," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. "दुसऱ्या कुणीतरी चाटा."

समितीत कोरी जीभ कोणाचीच नव्हती. अध्यक्षांच्या तोंडात पान. एक तंबाखूवाला, एक गुटखावाला, चौथा सकाळीच ताडी पिऊन आलेला. ते त्याने सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. पाचवा म्हणाला, मी उपाशी हाय, पण मी कुणाची भिंत चाटणार न्हाय, माझी मुलगी लग्नाची हाय.

दारातून जाऊ म्हणाली, "मी चाटतंय."

ती माझ्या उंबऱ्याच्या आत आली. बारा वर्षांनी. केस पिकले होते तिचे. माझे तर केव्हाच. अध्यक्ष म्हणाले, तू न्हाणीवाली, तुझ्या एकटीचं कसं धरायचं? दोघींनी चाटा.

गुडघ्यावर बसायला मला वेळ लागतो. तिलाही लागला. आम्ही एकमेकींना धरलं नाही, भिंतीला धरलं. मागे पाच बाप्ये आणि तो. दोन म्हाताऱ्या जावा शेजारी शेजारी भिंत चाटतायत, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

"खारट," जाऊ म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझ्यावर होतं. मी साबणासारखं लागतंय म्हटलं असतं तर न्हाणी गेली असती. बोलणार होतेच. खोटं बोलायला मला जड जात नाही, वेळ आली की बोलते. पण तोंडात ते मीठ. चांगलं मुठीने घातल्यासारखं मीठ. आणि पन्नास वर्षं मी ह्या गावात स्वयंपाक करतेय, कालवणाची पहिली वाफ हुंगून मीठ किती ते सांगते. खारटाला मी साबण म्हटलं असतं तर जावेने ते गावभर केलं असतं, म्हातारीला आता मिठाची चव कळत नाही. मग माझ्याकडे जेवायला कोण येतंय?

"खारट हाय," मी म्हटलं.

"भिंतीत मीठ कुठून आलं?" अध्यक्ष म्हणाले.

तो खाली बघून रुमालाची घडी घालत होता. आणि मला एकदम सगळं आठवलं. तोपर्यंत नव्हतं आठवलं, शपथ घेऊन सांगते. जुना गिलावा कमरेपर्यंत सुटला होता. गवंडी म्हणाला, रेती आणायला पाहिजे. मी म्हटलं, समुद्र दारात असताना रेती विकत कशाला आणायची? दोन बैलगाड्या वाळू मी स्वतः उभी राहून किनाऱ्यावरून भरून घेतली. तेव्हा कोणी अडवत नसे. गवंडी एकदा बोलला होता, धुवून घ्या. विहिरीचं एवढं पाणी कोण घालवणार? तशीच कालवली.

"वाळू मी आणलेली," मी म्हटलं. "किनाऱ्यावरची. न धुता."

तो तेव्हा बोलला. समुद्राचं मीठ भिंतीत राहिलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात जास्त. भिंतीत पाणी येत नव्हतं, भिंतच पाणी पीत होती. गिलावा काढून टाका, गोड्या पाण्यातल्या रेतीचा करा, ओल जाईल. न्हाणीचा ह्यात काही संबंध नाही. हे सगळं त्याने सांगितलं तेवढ्याच आवाजात, जेवढ्यात तो भिंतीला तब्येत विचारायचा.

समितीने कागदावर लिहून घेतलं आणि अंगठे-सह्या घेतल्या. न्हाणी राहिली. बाप्ये खिडक्या उघडून वाऱ्याला उभे राहिले. जाऊ अजून भिंतीपाशीच बसलेली. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या, एखाद-दुसरी परतही दिली असती.

ती म्हणाली, "वहिनी, त्यांना मी दोन तांब्यांवर अंघोळ घालतंय. बारा वर्षं. पाणी सांडलं की तुम्ही पलीकडून भिंतीवर मुसळ आपटायच्या. मंग तेच म्हणायला लागले, नको, पुसून काढ मला."

आपटत होते मी मुसळ. खोटं कशाला सांगू.

"मला काय ठाऊक," मी म्हटलं.

"ठाऊक नव्हतं तर आपटायचं न्हाय."

मी हात पुढे केला, तिला उठवायला. तिने तो धरला, पण जोर असा दिला की मीच पडता पडता राहिले. मुद्दाम दिला असणार. मी दिला असता.

मग गवंडी बोलावला, गिलावा काढला. आता भिंत कोरडी आहे. भाडेकरू पुढचा पावसाळा लागायच्या आधी गेला तो गेलाच. दमणकडे कारखान्यांच्या छपरांचं काम मिळालं म्हणतात. तिथल्या भिंतींची चव कशी असेल देव जाणे. त्याचं दुपटं इथेच राहिलं होतं, ते मी पोस्टाने पाठवलं. पोचलं की नाही ते त्याने कळवलं नाही. माणसांना पत्र लिहिण्यातला तो नव्हे.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. समिती गेली, मी स्वयंपाक केला. त्याला दुपारचं वाढलं. सवयीने त्याचं आळणी पातेलं काढलं, तर म्हणाला, "आज सगळ्यांचंच द्या, मावशी. तशीही जीभ गेली आहे. मिरच्या किती घातल्या होत्या?"

"अकरा."

"छान वाटल्या होत्या बारीक."

मी त्याला बोंबलाचं कालवण वाढलं. तो भात कालवायला लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडे बादली भरल्याचा आवाज आला आणि धो धो पाणी ओतलं गेलं. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. दिरांचा घोगरा आवाज आला, अजून, अजून. ह्याचा घास हातातच थांबला. कान टवकारले, आणि ताटावरून उठायलाच लागला.

"मावशी, कुठंतरी पाणी वाहतंय."

"वाहू दे," मी म्हटलं. "भावोजींची अंघोळ चाललीय. तू बस खाली आणि जेव."